जीपचे पाटे आणि इंदूचा मणका

१२ फेब्रुवारी, बुधवार
जीपच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. पिंपळाच्या वळणावर, वरचा सडा, आमच्या आंब्यांचा कातळमाळ, पाव कोस उरला असताना. आधी 'कट्' असा आवाज, मग गाडी डाव्या अंगाने बसली. इंदूने दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली, डोळे मिटून घेतले. तिच्या मणक्याची चीर दोन वर्षांपूर्वीची. धक्के नकोत, असे डॉक्टरांनी तेव्हाच बजावलेले. आणि मी...

"लागला काय गो?"
"माका नाय. गाडयेक लागला."

पहिल्या गियरात, गोगलगायीसारखी खाली आणली. इं. पुढे पायी. उतार तिला जमतो, चढ नाही. पुढे चालताना एकदाही मागे वळून पाहिले नाही. याचा अर्थ दुखत होते.

१३ फेब्रु., गुरुवार
विवेकचा ठाण्याहून फोन. आईशी बोलला, मग माझ्याशी. "बाबा, आता पुरे. कलमं कराराने देऊन टाका. व्यापारी तोडणी करेल, नेईल, तुम्हाला चढायलाच नको." मुलगा वाईट बोलत नाही. काळजीने बोलतो. फोन पुन्हा इं.कडे दिला.

तिने त्याला शांतपणे सांगितले, "तोडणीच्या आधी राखणदाराक गाऱ्हाणा घालूक मी वर गेलंय तर कलमा आपली. जमला नाय तर दी कोणाक व्हयी त्याका." ठरले. तीन आठवडे उरले.

विवेक झाला त्या वर्षी तिने ही कलमे लावली. घागरीने पाणी डोक्यावरून वर नेले, दोन उन्हाळे. मी त्या काळात खाली शाळेत पोरांकडून मंदाक्रांता पाठ करून घेत होतो. आमच्याकडे गाऱ्हाणे, राखणदार देवाला घालायचे साकडे, तीच घालते. गावात हसायचे आधी, बाईमाणूस गाऱ्हाणे घालते म्हणून. आता कोणी हसत नाही.

१५ फेब्रु., शनिवार
वहीत तरी खरे लिहितो.

वाटेवरचे खडक गाडीच्या पोटाला घासायचे, म्हणून तीन वर्षांपूर्वी जीप चार इंच उंच करून घेतली. आंब्याच्या पेट्या भरल्या की मागून बसायची, म्हणून दर हंगामाला मिळेल त्या गॅरेजात एकेक पाटा वाढवला. परिणाम असा, की भरलेली गाडी झोपाळा आणि रिकामी गाडी खेचर. वर जाताना रिकामी, खाली येताना भरलेली. म्हणजे इं. जाताना नेहमी खेचरावर. येताना ती चालतच उतरते.

परवाच्या परवा... नव्हे, दोन वर्षे झाली. पंपाच्या कट्ट्यासाठी पडक्या गोठ्याचे आठ चिरे, जांभ्याचे घडीव दगड, वर नेले होते. त्या दिवशी इं. म्हणाली, "आज गाडी बरी चालली हा." तेवढेच. त्यानंतर तिला न्यायचे असले की आदल्या संध्याकाळी आठ चिरे मागे भरतो, वर ताडपत्री; सड्यावर पोचलो की उतरवून ठेवतो. तिने विचारले तेव्हा सांगितले, वर गडगा, दगडी कुंपण, घालतोय. खरे सांगितले असते तर, माझ्यासाठी या वयात चिरे उचलू नका म्हणून तिने वर येणेच थांबवले असते.

पाटा बहुधा त्यानेच तुटला. माझ्या चिऱ्यांनी.

१७ फेब्रु., सोमवार
कसालला दिनूच्या गॅरेजात. दिनू माझा विद्यार्थी, पाचवीतला. कविता म्हणताना दुसऱ्या कडव्याला हमखास अडायचा, आणि मी त्याला बाकावर उभा करायचो. आता केस पिकलेत, गाडीखाली झोपून बोलतो. इं.च्या पाठीचे त्याला आधीच सांगितले.

"गुरुजी, हे पाटे कोणी घातलेत?"
"चार ठिकाणी चार जणांनी."
"दिसता तां. एकाचो दुसऱ्याक पत्तो नाय." मग गाडीखालून हात बाहेर, हातात आमचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. "गाडी चार इंच वर गेली, शॉक तेच जुने. तोकडे पडतत. खड्ड्यात चाक खाली गेला की ह्यो पुरो ताणता आणि ठॉक! तो ठॉक काकीच्या कमरेत."

मी विचारले, अजून एक जाड पाटा घातला तर? बाहेर आला, माझ्याकडे पाहिले. मी पूर्वी त्याच्याकडे पाहायचो तसेच.

"पाटे वाढवून गाडी मजबूत जावक नाय, गुरुजी. हट्टी झाली." म्हणाला, गुरुवारी गाडी वजनकाट्यावर आणा. वर नेताना जशी भरता, अगदी तशीच. काकीही हवी, ती बसते तिथेच बसलेली. अंदाजाने पाटे बनवणार नाही.

तुटलेल्या जागी कामचलाऊ जुना पाटा घालून दिला. घरी येईतो कान गाडीकडे. लगागा लगागा चालता चालता मध्येच ठेच. पोरांनी कवितेतला यती, तो मधला थांबा, चुकवला की असाच जीव कळवळायचा.

१९ फेब्रु., बुधवार
'जशी भरता तशीच.' चिरे घालू की नको? न घालावे तर वजन खोटे, पाटे चुकीचे, पुन्हा इं.च्या पाठीवर. घालावे तर...

संध्याकाळी आठही भरले. ताडपत्री.

२० फेब्रु., गुरुवार
काट्यावर चिऱ्याच्या ट्रकांची रांग, मध्ये आमची उंटासारखी जीप. इं. पुढे बसलेली, मांडीवर पिशवी. दिनूने ताडपत्री उचलली.

"ह्या काय, गुरुजी?"
इं.च म्हणाली, "गडग्याक. वर गडगो घालतत ते."
"सड्यार? चिरे?" दिनू हसायलाच लागला. "काकी, तो सडो जांभ्याचोच. थयसर फावडा मारलात तर चिरोच गावतलो. हे हयसून चिरे व्हावतत?"

मागचा ट्रकवाला भोंगा वाजवीत होता. मी सांगून टाकले. काट्यावर उभा राहून, सगळ्यांसमोर. की ही बसली असली म्हणजे गाडी आपटू नये म्हणून.

ट्रकवाला भोंगा वाजवायचा थांबला, का ते माहीत नाही. इं.ने पिशवीची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

वजने झाली. चिऱ्यांसकट, चिऱ्यांविना, आम्ही दोघे, मी एकटा. दिनूने टेप लावून चाकापासून मडगार्डपर्यंतची उंचीही प्रत्येक वेळी मोजली, खडूने दारावर लिहिली. शेवटी म्हणाला, "आता तुमी उभे रवा बाकार, गुरुजी. चूक तुमची."

परत येताना कट्टा गाव आले, तेव्हा इं. माझ्याकडे वळली. मग एकदम, "किती येळा?"
"मोजले नाहीत."
"माका म्हायत आसा. मी वर ढीग बगलंय. माका वाटला, ह्यांच्या हातसून गडगोय होऊचो नाय." आणि तोंडाला पदर लावून हसली. मग, चौके गावाच्या अलीकडे, रडली थोडी. मी गाडी बाजूला घेतली. म्हणाली, "चलवा. माका काय्येक झाला नाय."

२३ फेब्रु., रविवार
दिनूची पद्धत लिहून ठेवतो, समजली तशी. सगळे जुने पाटे काढायचे. नवे कमी, पण लांब आणि पातळ. दोघांच्या वजनाला तेच मऊ लवतील. त्यांच्याखाली एक जाड पाटा, सरळ, न टेकणारा. पेट्या भरून गाडी बसली की वरचे त्याला येऊन टेकतील, मगच तो भार घेईल. उंचीला पुरतील असे लांब शॉक. "एकाच पाट्यान दोनय कामा करूची नायत," असे तो. पाटे कोल्हापुरात मापाने घडवायला दिलेत.

दुसरी अट, गाडीतले कायमचे ओझे उतरवा. आज दिनू घरी आला, सगळे उतरवले. टपावरची लोखंडी जाळी, फवारणीचे पिंप, जनरेटर, साखळ्या, दोन जॅक, आणि माझी पत्र्याची पेटी. पेटीत जुनी क्रमिक पुस्तके, पहिली ते सातवी. वर पंप चालू असताना वाचायला म्हणून ठेवली होती. दिनूने पेटी हातात तोलून पाहिली.

"ही दोन चिऱ्यांची भरता, गुरुजी."
"त्यातलं एक तरी..."
"एक घ्या. पातळसा."

चौथीचे घेतले. इं. म्हणे, पिंप आधी उतरवायचे सोडून पुस्तकाला रडत बसलेत.

२७ फेब्रु., गुरुवार
इं.ची पाठ दोन दिवस बरी नाही. ओट्यापाशी उभी राहते ती एका हाताने फळी धरून. विवेकचा फोन, मी 'बरं आहे' म्हटले. एक व्यापारी परस्पर येऊन फळ बघून गेला असे कळले. विवेकनेच पाठवला असेल. रागावलो नाही. इं. रागावली.

"माझी कलमा बघूक माका इचारूक नको?"

दुपारी गावच्या तळ्यावर एकटाच बसलो. ती नवी नवरी होऊन वालावलहून आली, त्या आठवड्यात तिला इथे आणून कविता म्हणून दाखवली होती. पूर्ण ऐकली आणि विचारले, "तुमका पोहूक येता?" नव्हते येत. तिला येत होते.

४ मार्च, मंगळवार
पाटे आले. काळे, तेलाचे, कमानदार. दिनूने बसवायला दिवसभर घेतला. मी स्टुलावर. त्याने रिकामी गाडी हाताने मागून दाबली. ती खाली गेली, वर आली, थांबली. एकदाच. पूर्वी दोन माणसांनी दाबली तरी हलत नसे.

"बगलास? डोलता आणि गप रवता." मग नट आवळता आवळता, माझ्याकडे न बघता, पाचवीची ती कविता म्हणाला. पहिले कडवे, दुसरेही. न अडता. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो.

६ मार्च, गुरुवार
गाऱ्हाणे झाले!

सकाळी सातला निघालो, मागे फक्त नारळ, पाण्याचा कॅन आणि दिनू. स्वतःच आला, पाटे कसे वागतात ते बघायला, असे म्हणाला. इं.च्या पाठीला उशी. खडक आले. गाडी त्यांच्यावरून गेली, अशी की... मंदाक्रांता. जड अक्षरांवर थांबत, मग लहान लहान पावले. पिंपळाच्या वळणावर मी वेग अगदी कमी केला. इं. बाहेर बघत होती. "फळ बरा आसा ओ यंदा," म्हणाली.

वर पोचल्यावर पहिल्या कलमाखाली उभी राहिली. नारळ पुढे ठेवून, पदर खोचून:

"बा म्हाराजा, ह्या सड्याच्या राखणदारा! आज तुझी लेकरा तुझ्या पायाशी इली हत..."
"व्हय म्हाराजा!" मी आणि दिनू.
"वाऱ्या-वादळापासून, किड्या-माकडापासून ह्या कलमांची राखण कर..."
"व्हय म्हाराजा!"
"आणि माझ्या घोवाक खुळ्यासारखे चिरे व्हावची बुद्धी झाली, ती आता काडून घे रे म्हाराजा!"

दिनूचा 'व्हय म्हाराजा' इतका मोठा, की कलमांतली माकडे पळाली.

येताना या वेळी ती चालत उतरली नाही. गाडीत बसून आली.

७ मार्च, शुक्रवार
सकाळी इं. उठताना दाराची चौकट धरून उठली. मी पाहिले. तिने पाहिले की मी पाहिले. चहा झाला, भाकऱ्या झाल्या.

शेवटी विचारले, "काल दुखलं?"
"नाय."
"आणि आज?"
"आज दुखता, काल चढलंय म्हणान. म्हातारी झालंय. चुलीपाशी बसान रवलंय तरी दुखता."
"खरं सांग."
"तुमी दोन वर्सा माका फसवलात. माका फसवूक एक दिवस गावना नाय?"

थट्टा होती की कबुली, ते कळले नाही. एवढ्या वर्षांत तिचा हा स्वर मला ओळखता येत नाही. दिनूला फोन करून विचारले, पाटे अजून मऊ होतील का. म्हणाला, चार-पाच फेऱ्यांत बसतात, मग नट पुन्हा आवळू, तेव्हा बघू. सोमवारी तोडणी सुरू. इं. येणार म्हणते. मी येऊ नको म्हणावे की नाही, ठरत नाही.

संध्याकाळी विवेकचा फोन वाजला. ती अंगणात होती, मीच उचलायचा होता. तिला हाक मारून विचारले, काय सांगू याला?

पायरीवर बसल्या बसल्याच म्हणाली, "सांगा, आई वर पोचली. तितक्या तरी खरा आसा."