दोन भोकांच्या बुटातला माझा निम्मा वाटा

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, कॅनव्हास कापण्यात हयात घालवलेली, पूर्ण शुद्धीत व कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, पाय नाहीत. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून आमच्या बुटांच्या कारखान्याचं धुराडं बघून आले.

१. राहती खोली व बँकेतली ठेव भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला.

२. कारखान्याचा माझा निम्मा वाटाही तिलाच. मोठी कंपनी आमच्या बुटाचं नाव विकत मागते आहे आणि धाकटा उतावीळ झाला आहे. कंपनीला रबरी तळ भट्टीत भाजायचा नाही, नुसता चिकटवायचा आहे. असा बूट महिन्यात आ वासतो. भाची भट्टीवर काम करते, तिला हे कळतं. मी सही देणार नाही. माझ्यामागे ती ठरवील.

३. मोठी कात्री कापणी विभागाला. ती डावखुरी आहे, उजव्यांनी बोटं सांभाळावीत.

(पुन्हा उठले होते. धूर ठीक आहे.)

४. बुटाच्या आतल्या बाजूच्या दोन भोकांविषयी. बाबांच्या तंबूच्या दुकानात उरलेल्या कापडाचे आम्ही पहिले बूट केले, एका शाळेच्या खेळाच्या मास्तरांसाठी. नाडीची भोकं पाडताना कापडाची थप्पी माझ्याकडून उलटी ठेवली गेली. एका घावात सगळ्या थरांना खालच्या बाजूला दोन भोकं! बाबांनी मला फाडून खाल्लं. मास्तर मात्र म्हणाले, "राहू द्या हो, पायाला वारा लागेल." तीच भोकं आमच्या बुटाची ओळख झाली. जाहिरातीत छापतात, 'कल्पना: धाकटे मालक'. आठ वर्षांपूर्वी मी पाहुण्यांसमोर खरं बोलले, तर हा म्हणाला, "ताई, तू फक्त कापायचीस." तेव्हापासून अबोला. मी मागच्या दाराने ये-जा करते.

५. धाकट्याला काहीही दिलेलं नाही. वकील म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीला तोच हवा आहे. सहीसाठी त्याला इथे यावं लागेल, कलम चार वाचावं लागेल. त्याच्याशी न बोलता मरायची मला भीती वाटते.

स्थळ: कारखान्यामागची खोली. दिनांक: १४ मार्च.
लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: आमचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही)
कलम चार वाचलं. चूक आहे. थप्पी मी उलटी ठेवली होती, ताई. बाबांना घाबरून गप्प बसलो आणि बोलणी तू खाल्लीस. कंपनीला नकार कळवतो. उद्यापासून पुढच्या दाराने ये.