कंट्रोल कोणाच्या हातात होते

रविवार, ता. ९

प्रिय भावोजी,

नमस्कार. डॉक्टरांनी तुम्हाला पुन्हा विमान उडवायची परवानगी दिली, हे ऐकून बरं वाटलं. खांदा अजून दुखतो का? इकडे ठीक आहे. यांचे कपडे आवरून झाले. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला.

यांच्या जागी फ्लाइंग क्लबात आता तुम्ही शिकवणार, म्हणून बबी बुधवारची वाट बघते आहे. परवा तुम्ही तिला जेवणाच्या टेबलावर उड्डाण समजावत होतात, ते मी भांडी घासताना ऐकलं. निम्मी धावपट्टी संपेपर्यंत हवा तेवढा वेग आला नाही, तर तिथंच थांबायचं. चाकं सुटली की नाक घाईनं वर ओढायचं नाही. जमिनीजवळ इंजिन बंद पडलं, तर नाक खाली घालून समोरच उतरायचं, मागे वळायचं नाही. वेग नसताना वळलं की पंख विमानाला धरत नाहीत. छान सांगितलंत. शब्द सगळे यांचेच होते.

मग बबीनं विचारलं, "काका, मग बाबा का वळले?"

तुम्ही कपात बघत म्हणालात, "घाबरला असेल गं दादा."

हे घाबरत नसत असं नाही. पालीला घाबरायचे. पण गाडी गेटबाहेर काढतानासुद्धा मोठ्यानं म्हणायचे, "इंजिन गेलं तर समोर!" मी म्हणायचे, "समोर भाजीवाला आहे, त्याच्या टोपलीत उतरा."

इस्पितळातून यांच्या वस्तू आल्या, त्यात चष्मा होता. शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या घरात नीट मिटून ठेवलेला. एक ओरखडा नाही. चष्म्याशिवाय यांना धावपट्टीचं टोक दिसत नसे. विमान उडवताना तो नाकावरून उतरला नाही कधी. उतरायचा तो तुम्ही उडवत असलात की. "धाकट्या, तुझं उड्डाण डोळे मिटूनच बघवतं," म्हणायचे, आणि तुम्ही चिडायचात.

अपघाताच्या चौकशीत तुम्ही सांगितलंत, दादा उडवत होता. कंट्रोल दोघांच्याही पुढे असतात. बाहेरून कोणाला काय कळणार?

मी चुकत असेन. तसं असेल तर एका ओळीत कळवा, त्या दिवशी चष्मा खिशात का होता.

इंजिन गेल्यावर मागची धावपट्टी जवळ वाटली असेल. कोणालाही वाटेल. त्याबद्दल मी बोल लावणार नाही. पण बाप घाबरला म्हणून गेला, असं मनात धरून बबी तुमच्या शेजारी बसेल आणि तुम्ही तिला बसू द्याल, हे मला चालणार नाही.

बुधवारी मी तिला घेऊन येईन आणि कुंपणापाशी थांबेन. विमानात बसण्याआधी तिला खरं काय ते सांगा. मग बसायचं की घरी यायचं, ते ती ठरवेल. तुम्ही नाही बोललात तर मला बोलावं लागेल, आणि माझ्या तोंडून ते फार वाईट ऐकू येईल.

अजून तरी तुमची,
वहिनी