आईच्या पाळण्यातली खरखर

चिंचवड,
शनिवार

सौ. अरूताईस,

धाकट्या मधूचा नमस्कार (साष्टांग समजावा, कंबर धरल्यामुळे तो कागदावरच घालतो आहे). चारू आणि तिची छकुली ठणठणीत असतील. दाजींचा दमा कसा आहे? इकडे अण्णांची प्रकृती वयाच्या मानाने उत्तम, पद्माचा पारा चढलेला, आणि माझं काही विचारू नकोस.

छकुलीच्या बारशाला आईचा पाळणा वाजवायचा, असं तू ठरवलंस. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पणतीला तिनेच पाळण्यात घालावं, ही तुझी इच्छा वाचून माझेही डोळे भरून आले. बासष्ट साली आपल्याकडे चारूचं बारसं झालं, तेव्हा मागून आणलेल्या मशीनवर टेप केलेलं ते एकच रीळ. आईचा आवाज म्हणून जगात दुसरं काही नाही. ते जसंच्या तसं राजगुरुनगरला पाठवलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण मी पडलो कंपनीत इन्स्पेक्टर. आलेला माल डाग न काढता पुढे सोडणं मला जमत नाही. आणि त्या रिळात डाग तरी किती! कुकरच्या शिट्ट्या, आत्याचा खोकला, खुद्द चारूचं भोकाड, आणि या सगळ्यावर ती अखंड खरखर.

आधी मी ते शेजाऱ्यांच्या कॅसेट रेकॉर्डरवर उतरवून घेतलं. तो आणि अण्णांनी मागाहून घेतलेलं आपलं रिळाचं मशीन समोरासमोर ठेवलं, दारं-खिडक्या लावल्या, पद्माला भांडी घासू दिली नाहीत (पारा तेव्हापासूनचा). आई सुरात आली आणि कंपनीचा भोंगा झाला. दुसऱ्या खेपेला खरखर मारायला बटण पिळलं, तर खरखरीबरोबर आईही गेली. कोणीतरी घोंगडीखालून गातंय असं वाटायला लागलं. दोन्ही वेळचा माल मी रिजेक्ट केला आणि (शिस्त म्हणजे शिस्त) पुसून टाकला.

शेवटी आमच्या ग्राइंडिंग खात्यातला ज्योतीराम म्हणाला की दोष टेपचा नाही, मशीनच्या हेडमध्ये चुंबकत्व भरलंय, ते काढायला हवं. हे खरं आहे, मी पुस्तकात ताडून पाहिलं. आमच्याकडे घासून झालेला प्रत्येक लोखंडी तुकडा एका यंत्रावरून फिरवून त्यातलं चुंबकत्व काढतात, मगच तो माझ्या टेबलावर येतो. तेव्हा गेटपास काढून (त्यासाठी किती जणांचे पाय धरले ते वेगळंच) मी रेकॉर्डर खात्यात नेला. ज्योतीरामने तो यंत्रावरून एकदा ओढला. मी म्हटलं, आणखी एकदा. रीळ? रीळ मशीनवरच चढवलेलं होतं, ताई. टेपवर गाणं म्हणून जे असतं तेही चुंबकत्वच, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मला ते ठाऊक होतं.

मशीन चालू केलं. ज्योतीराम कान लावून खूश झाला. “बघा राव, खरखर पार गेली. नावाला बी न्हाई ऱ्हायली.”

मी तिथेच स्टुलावर बसलो. आईला दुसऱ्यांदा पोचवून आलो असं वाटतंय, आणि या खेपेला सगळं माझ्याच हाताने.

तुझा तोंड लपवून बसलेला,
मधू

ता. क. – एवढं लांबण लावलं ते एक गोष्ट मागायचा धीर होईना म्हणून. पाळणा तुला पाठ आहे, गळाही तिचाच आहे. बारशाला तूच म्हण. मग एकदा इकडे येऊन मशीनपुढेही म्हण. अण्णा रोज संध्याकाळी ते रीळ ऐकतात. मशीन दुरुस्तीला दिलंय असं त्यांना सांगितलंय. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, फरक कळायचा नाही.

पुन्हा ता. क. – अण्णांना कळलं. पद्माने सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, “अरूला त्रास देऊ नकोस. मी पाळण्यासाठी ऐकतच नव्हतो.” पाळणा संपल्यावर तेव्हा मशीन बंद करायचं राहिलं होतं, आणि अगदी शेवटी आई त्यांना विचारते, “अहो, जेवलात का?” तेवढ्यासाठी ते रीळ अखेरपर्यंत चालू ठेवायचे. पाळणा तू म्हणशील गं ताई, पण अण्णांना ‘अहो’ कोण म्हणणार?