उभं राहिलं की बंद पडतं

४ ऑगस्ट

गवत कापायचं मशीन मी निवडायचं म्हणे! मी!

मुकेशने रस्त्यालगतच्या तीन एकरांतली सोयाबीन मोडून लॉन केलं. लॉन म्हणजे लग्नाचं. पाटी काल लागली — 'वैभवी लॉन'. बहिणीचं नाव दिलं पठ्ठ्याने. ज्या पोरीला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून शिकवलं की लग्न म्हणजे दोन माणसं, दोन सह्या आणि तीन साक्षीदार, तिचं नाव आता दिव्यांच्या माळेत लटकतं आहे. आसेगावहून मंगरूळपीरला जाणारी प्रत्येक बस ते वाचत जाते.

"बाबा, तुमी एवढं वाचता, मशीनचंबी वाचा ना. मले त्या कागदातलं समजत नाई."

समजतं त्याला सगळं. हा डाव त्याच्या आईचा. आणि मी काय म्हणावं? — "माझं भांडण लग्नाच्या तमाशाशी आहे. गवताने माझं काय वाकडं केलं? गवताचं पाहतो मी."

फसलो.

५ ऑगस्ट

शपथ शपथ आहे. मानोऱ्याच्या सभेत उभ्या जनसमुदायासमोर बोललो होतो — "ज्या मांडवात पन्नासच्या वर पानं उठतील, त्या मांडवात हा उत्तमराव पाऊल ठेवणार नाही!" टाळ्यांनी मांडव हलला होता. (तो मांडव सभेचा होता.) तेव्हापासून सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही गेलो नाही. माझी बायको प्रयाग एकटी जाते. बायका विचारतात, "दाजी कुठी हायेत?" ती सांगते, "भाषनाले गेले." पुष्कळदा मी घरी वाचत पडलेला असतो.

तेव्हा लॉन कापायचं, मांडवात जायचं नाही. तत्त्वात बसतं. तपासून पाहिलं.

९ ऑगस्ट

अकोल्याला जाऊन आलो. तीन मशीनं पाहिली. एक हाताने ढकलायचं — तीन एकर त्याच्यामागे चाललो तर मुकेशच्या लॉनवर पहिला कार्यक्रम माझ्या तेराव्याचा होईल. दुसरं छोट्या ट्रॅक्टरसारखं, स्टिअरिंगचं. झाडाच्या बुंध्याशी वळत नाही, मागेपुढे करत बसतं. तिसऱ्याला स्टिअरिंगच नाही! नुसते दोन दांडे.

"झिरो टर्न आहे साहेब. जागच्या जागी फिरते."

"जागच्या जागी फिरणारे पुढारी पुष्कळ पाहिले," मी म्हणालो, "मशीन पहिल्यांदा पाहतो." मग त्याला दिशेचं महत्त्व समजावून सांगितलं. दिशा दाखवणारं चाक नसलेलं वाहन आणि विचार नसलेला पक्ष, दोघांचीही गत एकच! चांगलं रंगलं होतं. दुकानातले लोक जमले होते.

तो दुकानदार शांतपणे म्हणाला, "बसून तर पाहा."

बसलो. उजवा दांडा पुढे, डावा मागे. सबंध दुकान माझ्याभोवती एकदा फिरलं — आणि मी परत तिथेच!

"हेच," मी म्हणालो.

"काहून बाबा, ते विचार नसलेल्या पक्षाचं काय झालं?"

मुकेशला मी पैसे भरायला पाठवलं. परत येताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून हसत होता.

१७ ऑगस्ट

आलं! लाल रंगाचं. अर्धं गाव जमलं. प्रयागने नारळ फोडला, चाकांना हळदकुंकू लावलं. मी विरोध केला नाही — तिचा अधिकार आहे. माझा शेजारी आणि शाळेपासूनचा दोस्त जगदेव मशीनभोवती दोनदा फिरला. "उत्तम, याले काय कान धरून चालवाचं काय?"

दांडे खरंच कानांसारखे आहेत.

पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. म्हटलं, लोक जमलेच आहेत तर समजावून सांगू. पाती सुरू केली, दोन्ही दांडे पुढे केले, निघालो. आणि बोलू लागलो — "बंधूंनो, यंत्र हे माणसाचं —" माझा उजवा हात नेहमीप्रमाणे वर गेला.

मी गोल फिरलो. एकदा नाही. शब्द तोंडात होते, हात हवेत होता, डावा दांडा पुढे रेटलेला होता, आणि बंधू माझ्यासमोरून सारखे निघून जात होते. सावरावं म्हणून उठून उभा राहिलो — मशीन बंद!

पुस्तिकेत लिहिलंय ते. चालवणारा सीटवरून उठला की इंजिन आपोआप थांबतं. सुरक्षेसाठी.

जगदेव म्हणाला, "त्याले तुहं भाषन पटलं नाई, भाऊ."

१८ ऑगस्ट

लॉनच्या मधोमध गोल टक्कल पडलं आहे. प्रयाग म्हणाली, "तुमच्यावर गेलं."

२४ ऑगस्ट

आठवडाभर सराव. अडचण मशीनची नाही, उजव्या हाताची आहे. तो माझा कधी नव्हताच, तो सभेचा आहे. चालवताना मनात एखादं वाक्य आलं, नुसतं आलं तरी तो उचकतो आणि मी तारेच्या कुंपणाकडे निघतो. आज एक पेरूचं रोप गेलं. "लोकशाहीत" या शब्दावर गेलं.

उपाय एकच. बोलायचं नाही. मनातसुद्धा नाही.

कोणाला सांगून पटेल? मला मुकं करायला सरकारला जमलं नाही, पोलिसांना जमलं नाही — आणि अकोल्याच्या दुकानातून आलेल्या या लाल डबड्याने करून दाखवलं.

२ सप्टेंबर

बगळे! मशीनच्या मागेमागे येतात. गवतातून उडणारे टोळ वेचतात. मी वळलो की वळतात, थांबलो की थांबतात, मान तिरपी करून बघतात. इतका शिस्तीचा श्रोता मला मंगरूळपीरच्या तालुका मेळाव्यातही मिळाला नव्हता. आणि मला तोंड उघडायची सोय नाही!

गवत ओलं असलं की त्याचे गोळे पडतात. सकाळी दव सुकू द्यावं लागतं. हे पुस्तिकेत नव्हतं.

८ सप्टेंबर

आज आनंदाचा दिवस. आणि भांडणाचा.

वैभवीचा पुण्याहून फोन आला. ती आणि संघदीप लग्न करणार. तिच्याच ऑफिसातला मुलगा. उन्हाळ्यात घरी येऊन गेला होता. हसरा, नीट ऐकणारा, माझ्याशी दोन मुद्द्यांवर वाद घालून गेलेला. जात वेगळी. देणंघेणं नाही. मी तीस वर्षं ज्या लग्नाबद्दल बोलतो ते माझ्याच घरात होणार! जगदेवच्या घरी मी स्वतः पेढे घेऊन गेलो.

परत येतो तर प्रयाग आणि मुकेशचं सगळं ठरलेलं! लग्न इथेच. वैभवी लॉनवर, पहिला मांडव वैभवीचा. दोन्हीकडचे मिळून पाचशे लोक.

"पाचशे?"

"कमीच सांगतले," प्रयाग म्हणाली.

मी लगेच वैभवीला फोन लावला. उभं राहून बोललो, त्यामुळे आवाज चढत गेला. म्हणालो, तू सज्ञान आहेस, तुला कायदा आहे. ऑफिसात जा, सही कर, मी सर्वांत पुढे येऊन उभा राहतो. पण त्या लॉनवर मांडव पडला तर माझी वाट पाहू नकोस. बाप मुलीसाठी तत्त्व मोडतो असं कोणी म्हणता कामा नये!

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, बाबा."

समजूतदार पोरगी आहे.

९ सप्टेंबर

प्रयागने बोलणं बंद केलं.

१५ सप्टेंबर

अजून बंदच. सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला — "मुकेश, त्याइले सांग चहा झाला." मुकेश घरात नव्हता. मी म्हणालो, "मुकेश, तिला सांग आलो." नसलेल्या मुकेशच्या मध्यस्थीने आमचा संसार चालू आहे. भाजीत मीठ कमी होतं. तेही मुकेशलाच सांगितलं. मुकेशने उत्तर दिलं नाही.

२० सप्टेंबर

टक्कल का पडतं ते समजलं. जागच्या जागी गर्रकन फिरता येतं म्हणून फिरायचं नाही! एक चाक थांबून राहतं आणि गवत मुळासकट पिळून काढतं. थोडं मागे यायचं, मग वळायचं, मग पुढे. तिन्ही वेळा चाकं चालती ठेवायची. आज सबंध तुकडा एकही जखम न करता कापला. गडद पट्टा, फिकट पट्टा, गडद, फिकट. कुंपणाशी उभा राहून बराच वेळ बघत होतो.

मुकेश म्हणाला, "बाबा, फोटो काढू काय? बुकिंगवाल्याइले दाखवाले."

"काढ. मशीनचा काढ. माझा नको."

दोघांचा काढला त्याने.

२८ सप्टेंबर

हे नीट लिहून ठेवतो.

मी मधल्या पट्ट्यावर होतो. प्रयाग पाण्याची बाटली घेऊन लॉनवर आली आणि मशीनसमोर येऊन उभी राहिली. मी पाती बंद केली, इंजिन हळू केलं. उतरायला लागलो.

"उठू नका," ती म्हणाली. "बसूनच राहा. हात त्या दांड्यावर ठेवा. मले पयलेपासून शेवटपर्यंत बोलू द्या."

बसलो. बगळेही थांबले.

"तुमी गावोगाव सांगता, जात सोडा, जात सोडा. मी सतरंजीवर बसून ऐकलं हाये. मंग आपल्या पोरीचं चोरून काहून कराचं? कचेरीत दोन सह्या अन् गुपचूप घरी? लोक म्हनतीन, उत्तमरावाले लाज वाटली. जावई दुसऱ्या जातीचा, म्हनून लपवलं. माह्या माहेरचे, संघदीपच्या गावचे, तुमचे भाऊबंद — एका पंगतीत बसू द्या ना. एकमेकाच्या हातचं वाढू द्या. पाहू द्या साऱ्याइले! पन्नास मानसाइनं पाह्यलं त काय पाह्यलं?"

मी तोंड उघडलं. उजवा हात दांड्यावरून सुटला, मशीन हललं. परत धरला.

"आन् आजून एक," ती म्हणाली. "मी वर्सानुवर्सं एकटी लग्नाले जाते. पोरीच्या लग्नातबी एकटी उभी राहू काय?"

बाटली माझ्या मांडीवर ठेवून ती गेली.

पट्टा पुरा केला. वाकडा आला.

३० सप्टेंबर

दोन दिवस तिचा मुद्दा खोडायचा प्रयत्न करतो आहे. मोठमोठ्या वक्त्यांना मंचावर गारद केलं आहे. हा मुद्दा खोडता येत नाही, कारण तो माझाच आहे. मी खर्चाविरुद्ध शपथ घेतली होती. लोकांविरुद्ध घेतली नव्हती. तेवढं मात्र भाषणाच्या भरात वेगळं करायचं राहिलं.

वरण, भाकरी, वांग्याची भाजी. बँड नाही, हार नाही, आहेर नाही. पण लोक — येतील तितके.

२ ऑक्टोबर

प्रयागला सांगितलं. समोरासमोर, मुकेशशिवाय.

"खरं?"

"खरं."

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मंग आधी ते मधातलं टक्कल बुजवा. बोहल्यावरून सरळ दिसते ते."

वैभवीला लगेच फोन करते म्हणाली. मी थांबवलं. ज्या तोंडाने नाही म्हणालो, त्याच तोंडाने, ती समोर असताना, हो म्हणेन. दिवाळीला येतेच आहे. तिला लॉनवर नेईन, पट्टे दाखवीन, मग सांगीन. मनात वाक्य जुळवून ठेवलं आहे. चांगलं जमलं आहे.

प्रयाग म्हणाली, "फोनवर सांगतलं त काय बिघडते?"

तिला प्रसंगाचं महत्त्व कळत नाही.

७ ऑक्टोबर

टकलात चारी बाजूंनी गवताचे ठोंब आणून लावले, पाणी घातलं. पात्यांची उंची एक खाच खाली घेतली. आता हात चुकत नाहीत. आंब्याच्या बुंध्याभोवती एका फेरीत फिरतो, सालीला धक्का नाही. मनात वाक्यं येतात आणि जातात; उजवा हात दांड्यावर झोपलेला असतो.

जगदेव कुंपणावर हात टेकून म्हणाला, "मंग मांडवात येनार म्हनते तू?"

"येणार. आणि बोलणार."

"म्हंजे जेवन थंडं होते."

११ ऑक्टोबर

प्रयाग आणि मी लॉनवर गेलो. पंगत कुठे, पाण्याचे रांजण कुठे. तिने संघदीपच्या आईसाठी नऊवारी काढून ठेवली आहे. रंग मला विचारला. लग्नाला इतकी वर्षं झाली, रंग पहिल्यांदा विचारला. हिरवा म्हणालो. ती म्हणाली, "तुमाले आता सारं हिरवंच दिसून राह्यलं."

१४ ऑक्टोबर

दुपारी वैभवीचा फोन. आवाज इतका आनंदी!

"बाबा, काल केलं आमी लग्न. नोंदणी. दोन सह्या, तीन साक्षीदार. तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी नोटीस दिली होती. कोनालेच नाई सांगतलं — आई रडली असती, अन् तुमाले तिच्यासाठी शब्द मोडा लागला असता. आता पंगत नाई, रिसेप्शन नाई, काईच नाई. संघदीपनंबी तुमच्यासारखीच शपथ घेतली. तुमचा शब्द मोडू देला नाई मी."

मी शाब्बास म्हणालो.

बाहेर लॉनवर प्रयाग चुन्याची फक्की घेऊन मांडवाची रेघ ओढते आहे. मला हाक मारते आहे — "अवो, या ना इकडं! अजून किती मोठा करू?"