लिशीनमधला माझा वाटेकरी

मी, डीलिया मनेली, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, राहणार ग्लेनकॅरी, काउंटी मेयो, आयर्लंड, माझ्यामागे कोणी कोणाशी बोलणं टाकू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण कलम पाच वाचल्यावर तो मागितला जाईल हे मला ठाऊक आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते केलं तेव्हा आम्ही दोनच भावंडं, असा माझा समज होता.

कलम १. राहतं घर, चुलीसकट आणि ओलीसकट, माझा दिवंगत भाऊ मार्टिन याचा मुलगा डेक्लन याला द्यावं. घराला तो नावं ठेवतो, पण छप्पर माझ्या वडिलांनी घातलेलं आहे आणि अजून गळत नाही.

कलम २. नकाशांच्या नकला, चर्चच्या नोंदवह्यांवरून उतरवलेले कागद आणि भिंग काउंटीच्या ग्रंथालयाला द्यावं. डेक्लनला देऊ नये, तो चूल पेटवील. बॉस्टनहून, मेलबर्नहून माणसं यायची आणि मी त्यांचे पूर्वज शोधून द्यायचे. प्रत्येकाला घराण्यात राजा हवा असायचा, निघायचा मेंढीचोर. चहा पाजून मी त्यांना एकच गोष्ट शिकवायचे: बाप्तिस्म्याच्या नोंदीत जो सापडत नाही, त्याला नकाशावर शोधा. हे ज्ञान मी स्वतःला कधी लावलं नाही. आपण सगळे आपल्याला माहीतच आहोत, असं वाटत होतं.

कलम ३. शेजारी फेस्टस लावेल याला काहीही देत नाही. यात राग नाही. वकील कॅराबीन म्हणाले, साक्षीदाराला काही मिळता कामा नये. फेस्टसला विचारलं, तर म्हणाला, "सही करतो गं. तुझ्या त्या लंगड्या मेंढ्या घेऊन मी काय करू?" मेंढ्या विकाव्या.

कलम ४. रस्त्याकडचं खालचं शेत डेक्लनला. घर बांधायचंच असेल तर तिथं बांधावं. समुद्र थोडा कमी दिसेल.

कलम ५. वरचं शेत, ज्याला आम्ही लिशीन म्हणतो.

लिशीन म्हणजे छोटी गढी. मी पाहुण्यांना तेच सांगायचे, शेताच्या मध्ये दगडांचं कडं आहे, जुन्या काळी कोणाची तरी गढी असेल. आमच्या मेंढ्या त्या कड्यात जात नाहीत. फक्त जुळ्यातलं एक पिल्लू मेलं, की उरलेलं तिथं जाऊन बसतं. दरवर्षी आणायला जावं लागतं.

त्या शेतात मला चकवा लागतो, लहानपणापासून. दिवसाउजेडी, स्वतःच्या शेतात, फाटक नाहीसं होतं. आमच्याकडे चकव्याला एकच उतारा आहे, अंगातला कोट काढून उलटा घालायचा. जुनी माणसं म्हणत, बाप्तिस्मा न झालेलं मूल जिथं पुरलं त्या ढेकळावर पाय पडला, की वाट चुकते. ते ढेकूळ आमच्या शेतातलं असेल, असं कोणाच्या मनात आलं नाही. निदान माझ्या तरी नाही.

लहानपणी मी अशी चुकून उशिरा घरी आले की आई ओरडत नसे. माझ्या मागे, उघड्या दाराकडे बघत विचारायची, "एकटीच आलीस का?" मी म्हणायचे, हो. मग ती दार लावून घ्यायची. मला वाटायचं, एकटी हिंडते म्हणून तिला काळजी.

गेल्या वसंतात असंच एक पिल्लू आणायला गेले. पिल्लू काखेत घेतलं आणि फाटक गेलं. भिंतीच्या दगडांवर हात ठेवून चालत राहिले, भिंत काही संपेना. पिल्लू अजिबात ओरडत नव्हतं. मागून चालण्याचा आवाज येत होता, फार हलका, मी थांबले की थांबायचा. शेवटी कोट उलटा केला. फाटक हाताशी होतं आणि त्यावर रेलून फेस्टस पाइप ओढत होता.

"अगं, मिरवणूक काढलीस की काय? किती फेऱ्या मारल्यास! मी हाका मारमारून थकलो."

"चकवा लागला," मी म्हटलं.

"तुलाच बरा लागतो! जन्म गेला माझा या शेतातून येण्याजाण्यात, मला नाही लागला कधी. तुझ्या बापाला लागायचा, नि तुला."

"आणि मार्टिनला?"

"छे! त्याला कशाला लागेल?"

त्याच आठवड्यात डेक्लन घराचा आराखडा घेऊन आला. घर बरोबर कड्यावर.

"आत्या, नव्या नकाशावर तिथं काहीच नाही."

"नव्या नकाशावर तूही नाहीस," मी म्हटलं, आणि त्याला गप्प करायला जुने नकाशे काढले. सगळ्यात जुना मला पाठ होता. माझ्या पाहुण्यांचे पूर्वज पावणेदोनशे वर्षांमागच्या मोठ्या दुष्काळात देश सोडून गेलेले, त्यामुळे त्याच्या पुढचा नकाशा मी क्वचितच उघडायचे, आणि आमच्या शेतासाठी तर कधीच नाही. त्या दुसऱ्या नकाशावर, आमच्या कड्यावर, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: मुलांची दफनभूमी.

बाप्तिस्म्याआधीच गेली म्हणून ज्यांना चर्चच्या आवारात जागा नाकारली, ती मुलं. बाप खोक्यात घालून न्यायचे आणि घरी येऊन त्याबद्दल बोलायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी फादर गिबन्सकडे गेले आणि माझ्याच बाप्तिस्म्याची नोंद मागितली. इतक्या लोकांच्या नोंदी वाचल्या, स्वतःची पहिल्यांदाच पाहिली. माझ्या नावापुढे लॅटिनमध्ये एक शब्द होता, जेमेल्ला. जुळ्यातली मुलगी. जुळ्यांची नोंद एकाखाली एक असते. माझ्याखाली दुसऱ्याच घरचं मूल होतं.

घरी येऊन खुंटीवरचा कोट उतरवला. तो वडिलांचा, ते गेल्यापासून मीच घालते. बाहेरची लोकर अजून गडद आहे, आणि आतल्या अस्तराचा रंग पार उडालेला, उन्हापावसानं. माझे वडील किती वेळा तिथं गेले असतील, आणि प्रत्येक वेळी ते बाळ त्यांना सोडत नसेल, आणि प्रत्येक वेळी त्यांना कोट उलटा करून घरी यावं लागलं असेल. मी कोट तोंडाशी धरून खूप रडले. आईवर सारा जन्म मी एक राग धरला होता, की तिनं मला कधी पोटाशी घेतलं नाही. तो राग या मृत्युपत्रान्वये रद्द करते.

तरी लिशीनमध्ये माझ्या बरोबरीचा एक वाटेकरी आहे. कड्यातली जमीन मी त्याच्या नावे करणार होते. कॅराबीन म्हणाले, "बाई, ज्याला नावच नाही त्याच्या नावे काय करणार? भाऊ की बहीण, तेही तुम्हाला ठाऊक नाही!" म्हणून कायद्यापुरतं असं लिहिते: लिशीन डेक्लनला, पण कड्याच्या आत कुदळ नाही, खुंटी नाही, आणि पिल्लांना मज्जाव नाही. अट मोडली तर शेत चर्चकडे जावं. बाळाला आत घेतलं नाही, बाहेर तरी राखा म्हणावं.

कलम ६. माझी मूठमाती. चर्चच्या आवारात, आईवडिलांच्या शेजारी. अंगात वडिलांचा कोट घालावा, सुलट. बटणं लावू नयेत. लहान अंगाला आत जागा लागते.

शवपेटी रस्त्यानं नेऊ नये, लिशीनमधून, कड्याच्या आतून न्यावी. खांदा देणाऱ्यांत डेक्लन आणि फेस्टस असावेत. वाट चुकली तर घाबरू नये आणि कोणीही कोट उलटा करू नये. मला खाली ठेवावं, दोन पावलं मागे सरावं आणि पाइप ओढत बसावं. फाटक आपोआप दिसेल. मग उचलावं. पेटी आधीपेक्षा जड लागली, तर आवारात पोचेपर्यंत त्याचा उच्चार करू नये. चर्चच्या फाटकावर फादर उभे असतील.

हे कलम काढा, असं कॅराबीननी दोनदा सांगितलं. काढत नाही. पलीकडे आई दारात उभी असेल आणि माझ्या मागे बघून तेच विचारील. या खेपेला मला 'नाही' म्हणायचं आहे.

सही: डीलिया मनेली

डीलिया मनेली यांनी आम्हा दोघांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार: फेस्टस लावेल, शेतकरी, ग्लेनकॅरी. (कोट उलटा करणार नाही.)
साक्षीदार: ऊना पॅडन, पोस्टमास्तर, ग्लेनकॅरी.

ग्लेनकॅरी, सेंट ब्रिजिडच्या सणाचा दुसरा दिवस, २ फेब्रुवारी २०२३