आप्पांच्या डोक्यात शिरताना

आप्पा, हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही हे बरंच आहे. पडलं असतं तर दुसऱ्याच ओळीला तुम्ही 'मुद्द्याचं बोल' म्हणाला असतात. मुद्दा हा, की मी तुमच्यावर कादंबरी लिहितेय आणि तुम्हाला सोडणार नाहीये.

आठवीत होते मी, तुम्ही आखातात साहेबांचे ड्रायव्हर होतात. शाळेतल्या बाईंनी स्वतःच्या संग्रहातली एक जपानी कादंबरी मला वाचायला दिली होती. तुमचे साहेब झल्लाकच्या हॉटेलात मीटिंगला गेलेत, तुम्ही गाडी एसीवर ठेवून वाट बघताय, शेजारी मी वाचतेय. तुम्ही विचारता, "ह्यात होतंय काय?" मी सांगते, एक माणूस बायकोशी खोटं बोललाय आणि तेच मनात उगाळत बसलाय. "म्हणजे नुसता बसून विचार करतो? ह्याला पगार कोण देतो?" तुम्ही पुस्तक ओढून घेतलंत आणि डॅशबोर्डवर टाकलंत. जूनचं ऊन, काचा बंद. हूऱ्यात आपल्या बिल्डिंगखाली ते आठवडाभर तसंच भाजत राहिलं. बांधणीचा गोंद वितळला. "घे, आता सुटं सुटं वाच," म्हणत तुम्ही हसलात. बाईंना मी ती पानं प्लास्टिकच्या पिशवीतून परत केली. त्यांनी मला पुन्हा पुस्तक दिलं नाही. तुमचं ते हसणं मी अजून माफ केलेलं नाही.

आप्पा, काय विचार करताय, असं कधीही विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं: "मफी." अरबीत, काही नाही. आईलाही तेच, शेवटच्या आजारात डॉक्टरांनाही तेच. ठीक आहे. पुढे स्वतः मिळवून वाचलेल्या तसल्या जपानी पुस्तकांनी मला शिकवलंय, गप्प बसलेल्या माणसाच्या आत कसं शिरायचं ते. आता मी चपला न काढता तुमच्या डोक्यात फिरते. पोरगी आपल्यापेक्षा शहाणी होईल ही भीती मी तिथे ठेवलीय. पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून तुम्हाला रडवलंय. तुम्हाला नाही म्हणता येत नाही. सूड घ्यायला मेलेला माणूस फार सोयीचा असतो.

परवा नवऱ्याने ते प्रकरण वाचलं आणि म्हणाला, "बिचारा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांनी तुमचा तिरस्कार करावा म्हणून लिहितेय मी, कीव करावी म्हणून नाही. रडणं खोडून टाकलं. मग प्रकरणात काहीच उरेना, म्हणून झक मारत परत घातलं.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, म्हणून एवढं कबूल करते. ते रडणं माझं आहे, तुम्ही गेल्यावर मी साहेबांकडे गाडीची किल्ली परत करायला गेले होते तेव्हाचं. तुमच्या डोक्यातलं म्हणावं असं एकही वाक्य मला अजून सापडलेलं नाही.