सगळ्यांसमोर विचारलं

आबा, तुम्ही गेलात तेव्हा माझ्या हाताखाली चारच माणसं होती. आता चाळीस आहेत, आणि त्यातलं एक माझ्यामुळे नोकरी सोडून गेलं. गेल्या वर्षी आमच्या कंपनीनं अजाइल पद्धत आणली. छोट्या टीम, दोन-दोन आठवड्यांचं काम, आणि रोज सकाळी उभं राहून प्रत्येकानं सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार. मॅनेजरची पदंच कमी झाली. मी नवीन असताना मला काम शिकवणारे सांगलीचे सर त्यात होते. वीस वर्षं माणसं सांभाळलेला माणूस पुन्हा कोड लिहायला बसला. त्यांना जमत नव्हतं. मला ते दिसत होतं, पण वरून रोज विचारणा व्हायची. एका सकाळी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, चार दिवस तुम्ही हेच काम सांगताय. अडचण काय आहे?" खाली बघत ते म्हणाले, "अडचण मीच आहे." कुणीतरी हसलं. मी पुढच्या माणसाकडे वळले.

तेव्हापासून लहानपणी पाहिलेलं मलकापूरचं ते घर आठवतंय. साखर कारखान्यात नवं यंत्र आलंय, आणि बोटांनी पाक ओळखणाऱ्या तुमच्या जुन्या माणसाला गोदामात पाठवायचं काम तुमच्यावर आलंय. मला सायकलवर पुढं बसवून तुम्ही त्यांच्या घरी जाता. तासभर आत बसता, मी अंगणात शेंगा फोडत राहते. निघताना ते तुमचा हात सोडत नाहीत. वाटेत मी विचारते, कारखान्यातच का नाही सांगितलं? पायडल मारत तुम्ही म्हणता, "तितं सांगितलं असतं तर समद्यांच्या देखत मान खाली घालून गेटाबाहेर पडाय लागलं असतं त्येला."

सरांनी राजीनामा दिल्यावर मी सांगलीला गेले. चहा त्यांनीच केला. माफी मागायचं ठरवून गेले होते, पण बोलणं त्यांच्या मुलीच्या लग्नावर, पुलावरच्या गर्दीवर फिरत राहिलं. मी चपला घालत असताना ते म्हणाले, "मॅडम, आदल्या दिवशी एक फोन केला असता तरी चाललं असतं." पूर्वी ते मला नावानं हाक मारायचे.

कराडला गेले की आई विचारते, ऑफिसात सगळं ठीक ना? मी हो म्हणते. हे पत्र तिच्याही हाती लागू देणार नाही. सर का गेले, ते कंपनीच्या फॉर्मवर मलाच भरायचं होतं. मी 'घरगुती कारण' लिहिलं.